कोर्ट उठेपर्यंत

सरकारी नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराच्या हातात साक्षांकन नमुना पडतो. नाव, वडिलांचं मूळ गाव, आतापर्यंत कुठं कुठं राहिलात, ओळख देणारे दोन जबाबदार गृहस्थ कोण, असं सगळं त्यात भरायचं असतं. पोट्टे इथवर झरझर सांगतात. मग एक कलम येतं आणि गाडी अडते. तुम्हाला कधी अटक झाली होती काय? खटला चालला होता काय? स्थानबद्ध केलं होतं काय? चांगल्या वागणुकीचा मुचलका घेतला होता काय? कोर्टाने दंड केला होता काय? दोषी ठरवलं होतं काय? एखादं प्रकरण अजून चालू आहे काय? प्रत्येकापुढे होय किंवा नाही. आणि फॉर्मच्या डोक्यावरच ताकीद छापलेली असते, की माहिती खोटी निघाली किंवा दडवलेली निघाली तर उमेदवार अपात्र.

माझं दुकान नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या अंगाला, जिल्हा कोर्टातून पायी येता येईल इतक्या अंतरावर आहे. झेरॉक्स, टायपिंग, प्रतिज्ञापत्रं, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन. मी वकील नाही. पण वर्षानुवर्षं काळ्या कोटांच्या गप्पा आणि त्यांची उधारी ऐकून-सोसून थोडाफार कायदा अंगाला लागलाच आहे. तर या कलमापाशी आलं की काही पोट्टे खुर्ची पुढे ओढतात, मागे कोणी ओळखीचं उभं नाही ना ते बघतात आणि हळूच विचारतात, "काकाजी, हे साफ करता येते का?"

रेशनकार्डावरचं नाव कमी करायला आल्यासारखं विचारतात. साफ करून देतो म्हणणारेही भेटतात, नाही असं नाही. ते पैसे घेतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. खरं उत्तर असं, की सज्ञान माणसाला कोर्टात झालेली शिक्षा अमुक वर्षांनी रेकॉर्डवरून आपोआप जाईल, किंवा अर्ज केला की ती नोंद लखोट्यात बंद होईल, अशी सर्वसाधारण तरतूद आपल्याकडे नाही. गुन्हा केवढासाही असो. जे करता येतं ते शिक्षा व्हायच्या आधी. आणि नेमकं तेव्हाच कोणी काही करत नाही, कारण प्रकरण इतकं किरकोळ असतं की त्यासाठी वकिलाचे पैसे घालवणं म्हणजे मूर्खपणा वाटतो.

एका पोट्ट्याचं सांगतो. पहाटे फुटाळ्याकडच्या रस्त्यावर पळणाऱ्यांतला. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मग लेखी, सगळं पार करून पोलिस भरतीच्या तात्पुरत्या निवड यादीत नाव आलेलं. आईने वस्तीत पेढे वाटून झाले होते. तो फॉर्म घेऊन दुकानात आला आणि त्याच कलमापाशी थांबला.

भानगड पोळ्याची होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की विदर्भात पोळ्याला पत्ते कुटणं हे जवळपास रीतीसारखं चालत आलंय. दुसऱ्या दिवशी पाडवा, पोरांचा तान्हा पोळा, जुन्या नागपुरात काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांची मिरवणूक, 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. आणि वस्त्यावस्त्यांत, समाजभवनांच्या मागे, रिकाम्या प्लॉटांवर चटया पडलेल्या. एरवी पत्त्याला हात न लावणारे बापेही त्या दिवशी बसतात. पोलिसांना हे आपल्याइतकंच ठाऊक असतं, म्हणून धाडीही त्याच दोन दिवसांत जास्त. हा पोट्टा तेव्हा एकोणीस वर्षांचा. सात जण सापडले. पंचनाम्याची प्रत मी पाहिली आहे. 'एक्का बादशाह नावाचा पैशाचे हारजीतचा जुगार खेळताना मिळून आले', ५२ तासपत्ते, एक जुनी चटई, नगदी १,३४० रुपये. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७, कलम १२ (अ).

"मी तं खेळतबी नव्हतो काकाजी, बघत होतो."

हे सातातले सहा तरी म्हणतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

रात्री अटक दाखवून जामिनावर सोडलं. घरी दोन दिवस बोलणी बसली, मग सगळे विसरले. बऱ्याच महिन्यांनी समन्स आलं. सातांतला वयाने मोठा एक जण पेंटिंगची कामं घ्यायचा, त्याचा कोर्टाचा अनुभव दांडगा. त्याने सांगून टाकलं, की तारखा करत बसलो तर दरवेळी रोजी बुडते, एकदाचं कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं असतं. नाव पुकारलं, सातही रांगेत उभे राहिले, साहेबांनी विचारलं गुन्हा कबूल आहे का, सातांनी माना हलवल्या. तोंडाने सांगा म्हटल्यावर तोंडाने सांगितलं. कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि प्रत्येकी २०० रुपये दंड.

कोर्ट उठेपर्यंतची कैद म्हणजे काय, हे ज्याने पाहिलं नाही त्याला ती गंमतच वाटेल. कोर्टातच मागच्या बाकावर बसून राहायचं. इतरांच्या केसेस ऐकायच्या. पंखा आपल्या डोक्यावर येईल असं सरकायचं. एक जण भिंतीला टेकून झोपला, त्याला शिपायाने उठवलं. संध्याकाळी साहेब आत गेले आणि ही सात मंडळी बाहेर पडली. सुटलो म्हणून त्याच रात्री सगळे सावजीत जाऊन तर्री हाणून आले. त्या जेवणाचं बिल दंडापेक्षा जास्त झालं, असं तो सांगत होता.

आणि आता फॉर्म विचारत होता, दोषी ठरवलं होतं काय?

"मी तं जेलात गेलोच नाही. दोनशे रुपये भरले नं, मंग संपलं नं?"

निकालाच्या प्रतीत 'साधी कैद' हे शब्द होते. बाकावर बसून भोगली असली तरी ती कैदच. अटकेपुढे होय, खटल्यापुढे होय, दंडापुढे होय, दोषी ठरण्यापुढे होय. मुचलका आणि स्थानबद्धता तेवढी वाचली.

त्याला मी हे सांगत होतो तेव्हा बाजूला एक वकीलसाहेब आपल्या अर्जाच्या प्रिंटची वाट बघत बसले होते. ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, "अपीलसुद्धा नाही रे बाबू. कबुली दिली की दोषाविरुद्ध अपील चालत नाही. शिक्षा जास्त वाटली तर तेवढ्यापुरतं." मग प्रिंट घेऊन निघताना आणखी एक सांगून गेले, की वय एकवीसच्या आत होतं, पहिलाच प्रकार होता, परिवीक्षेचा अर्ज करायला हवा होता. १९५८चा कायदा आहे, अपराधी परिवीक्षा अधिनियम. कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं, आणि त्यातलं कलम १२ म्हणतं की अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागणार नाही. म्हणजे दोष राहतो, पण त्याची शेपटी कापली जाते. सोडायला हरकत नसताना कोर्टाने सोडलं नाही तर त्याची कारणं लिहावीत, असंही फौजदारी प्रक्रियेत आहे. पण सात जण कबूल-कबूल करत रांगेत उभे, सोबत वकील नाही, मागे पन्नास केसेस. कोण मागणार आणि कोण देणार?

त्यातही एक टोचणी अशी, की तो अठराच्या आत असता तर गोष्टच वेगळी होती. बाल न्याय कायद्याच्या २४व्या कलमाने बालकाला दोषाची अपात्रता चिकटत नाही आणि काही गंभीर गुन्हे सोडले तर त्याचं रेकॉर्ड ठरल्या मुदतीनंतर नष्ट करायचं असतं. म्हणजे पुसून टाकण्याची कल्पना आपल्या कायद्याला अगदीच परकी नाही. वाढदिवसाच्या केकबरोबर ती संपते, एवढंच. शिंगं फुटायचं वय मात्र सतरा काय आणि एकोणीस काय, सारखंच. आणि ज्या इंग्रजांच्या अमदानीत हा १८८७चा जुगाराचा कायदा झाला, त्यांनी स्वतःच्या घरी १९७४ साली कायदा करून ठेवलाय, की छोट्या शिक्षेनंतर माणूस ठरावीक काळ नीट वागला तर ती शिक्षा बहुतेक कामांसाठी संपली असं धरायचं. आपण त्यांचा जुगाराचा कायदा जपून ठेवला, तो दुसरा घेतला नाही.

आता याच्या उलट एक प्रकरण. दोन शेजारणी, नळाच्या पाण्यावरून जुंपली. त्यात एकीने पाणी भरायचा पितळी गुंड फेकला तो दुसरीच्या कपाळावर. तीन टाके. दोन्हीकडून तक्रारी झाल्या, आणि सोडवायला धावलेल्या मुलाचंही नाव एफआयआरमध्ये आलं. गुंडामुळे कलम लागलं ३२४, घातक साधनाने दुखापत. नुसती हाणामारी-शिवीगाळ असती, म्हणजे ३२३, ५०४ वगैरे, तर खालच्याच कोर्टात किंवा लोकअदालतीत दोघींनी तडजोड केली असती आणि कायद्याने त्या तडजोडीला निर्दोष सुटकेचाच दर्जा आहे. पण ३२४ तडजोडीच्या यादीतून काही वर्षांपूर्वी काढलेलं. (आता भारतीय न्याय संहितेत हे सगळे आकडे बदललेत. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना नवे आकडे. पण माझ्या दुकानात येणाऱ्यांचा भूतकाळ अजून जुन्याच आकड्यांत आहे.)

मुलगा बुटीबोरीला कंपनीत होता, त्याला बाहेर जायची संधी आली आणि पासपोर्ट पुढे सरकेना, कारण फौजदारी प्रकरण चालू. मग मात्र घर हललं. वकील केला. वकिलाने सरळ हायकोर्टाचा रस्ता धरला. आपल्याकडे खंडपीठ घरातच असल्याचा हा फायदा; १९४० साली उघडलेली ती घुमटाची दगडी इमारत माझ्या दुकानातून फार लांब नाही. वैयक्तिक भांडणातून झालेला आणि दोन्ही पक्षांत मिटलेला गुन्हा, तडजोडीच्या यादीत नसला तरी, हायकोर्ट आपल्या अंगभूत अधिकारात रद्द करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ग्यान सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय. दोघींची प्रतिज्ञापत्रं माझ्याकडेच टाइप झाली. 'सदर घटना क्षणिक रागातून व गैरसमजातून घडली' हे वाक्य मी त्याआधीही कित्येकदा टाइप केलं होतं. दोघी एकाच ऑटोतून आल्या, भाडं कोणी द्यायचं यावरून पुन्हा थोडी वाजली, आणि सही करताना टाके पडलेली बाई म्हणाली, "गुंड चेपला माया नाही, तिचाच. तेवढं लिवा त्याच्यात." लिहिलं नाही. एफआयआर रद्द झाला. रद्द म्हणजे रद्द, खटला नाही, शिक्षा नाही.

मला कितीतरी दिवस या दोन फायली शेजारी ठेवून बघाव्याशा वाटत. एकात रक्त आलंय, तीन टाके आहेत, कलम मोठं आहे, आणि ती कोरी झाली. दुसऱ्यात ५२ पत्ते आणि एक चटई आहे आणि ती जन्मभर राहणार. याचं एक कारण पैसा आणि वकील, ते उघडच आहे. पण दुसरं कारण जास्त विचित्र आहे. माफ करायला समोर कोणीतरी दुखावलेलं माणूस लागतं. कपाळ फुटलेली बाई म्हणू शकते की माझं काही म्हणणं नाही. पत्त्यांच्या डावात दुखावलेलं कोणीच नसतं, फिर्यादी खुद्द सरकार. तडजोड करायची तर कोणाशी करायची? ज्या गुन्ह्यात कोणाचं काही गेलं नाही, त्यात माफ करणाराही कोणी नाही.

लॉकडाऊनच्या केसेसचंही असंच झालं. मार्च २०२१ मध्ये, १५ ते २१ तारखेला, नागपुरात कडक लॉकडाऊन होता. त्याआधी २०२० तर होतंच. विनाकारण फिरला म्हणून, दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवलं म्हणून सरकारी हुकूम मोडल्याचे, म्हणजे कलम १८८ चे, गुन्हे पोत्याने दाखल झाले. पुढे २०२२ साली राज्य सरकारने विद्यार्थी आणि नागरिकांवरचे हे गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं. चांगलं केलं. पण खटला मागे घ्यायचा तर तो चालू असावा लागतो. सरकारी वकिलाने अर्ज द्यायचा, कोर्टाने परवानगी द्यायची. ज्यांनी शहाण्यासारखं आधीच जाऊन कबूल केलं आणि दंड भरून टाकला, त्यांच्या बाबतीत मागे घ्यायला काही उरलंच नव्हतं. ज्यांनी समन्सकडे काणाडोळा केला ते फायद्यात राहिले. कायद्याशी आज्ञाधारक वागलं की असं होतं, हे मी माझ्या मुलाला सांगत नाही.

कबुली कोण देतं? ज्याची रोजी बुडते तो. पगारी माणूस रजा टाकतो, व्यापारी वकील पाठवतो. पेंटर, ऑटोवाला, इतवारीतला हमाल, घरकाम करणारी बाई, यांना प्रत्येक तारखेला पाच-सातशे रुपयांचा खड्डा. त्यांच्यासाठी दोनशे रुपयांची कबुली हा स्वस्तातला सौदा असतो आणि त्या दिवसापुरता तो खरोखरच स्वस्त असतो. मी कोर्टाला शिकवणारा कोण? तरी वाटतं, 'गुन्हा कबूल आहे का' या प्रश्नाआधी आणखी एक वाक्य सक्तीने वाचून दाखवावं: याची नोंद राहील, नोकरीच्या फॉर्मवर हे विचारतील, पुन्हा विचार करा. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतो ना आपण. नव्या संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली, तिचं कौतुकही झालं. पण समाजसेवा केलेल्या माणसाचं रेकॉर्ड पुढे काय करायचं, ते तिथंही नाही. तो दोषीच.

पूर्वी निदान कागदाला वाळवी लागायची. ठाण्यातलं रजिस्टर ठाण्यातच, आणि हवालदार बदलून गेला की आठवणही त्याच्याबरोबर जायची. आता सीसीटीएनएस आलं, सगळी ठाणी एका जाळ्यात. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव टाकलं की केस निघते. खासगी कंपन्या हेच नाव टाकून उमेदवारांची 'पार्श्वभूमी' तपासतात. आमच्याकडे एकाच नावा-आडनावाची दहा माणसं एका प्रभागात सापडतात, म्हणून एकाची केस दुसऱ्याच्या नोकरीला आडवी येते आणि मग तो मी नव्हेच असं प्रतिज्ञापत्र करायला तो माझ्याकडे येतो. धंदा चांगला चालतो.

विसरलं जाण्याचा हक्क म्हणून एक नवा विषय वकिलांच्या बोलण्यात येतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा, नऊ न्यायमूर्तींचा, आणि त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. त्या निकालाच्या आधाराने निर्दोष सुटलेल्या काहींनी आपली नावं इंटरनेटवरून काढावीत म्हणून वेगवेगळ्या हायकोर्टांत मागण्या केल्या, काहींना दिलासाही मिळाला. पण ते निर्दोष सुटलेले. चटईवर बसलेल्या आणि कबूल केलेल्या माणसासाठी त्या गल्लीत अजून दिवा नाही.

आणि पोलिसांच्या वहीची स्मरणशक्ती काय चीज आहे, हे कोणाला विचारायचं तर पारध्यांना, मांग-गारुड्यांना विचारावं. १८७१पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली, ३१ ऑगस्टला रद्द झाला; तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतातही. पण चोरी कुठंही झाली की आधी कोणत्या बेड्यावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, गाडी जाते, हे नागपूर जिल्ह्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. त्यांना तर कबुलीसुद्धा द्यावी लागली नव्हती. जन्मच पुरेसा होता. त्यांच्यापुढे माझ्या पोट्ट्याचं दुखणं लहान आहे, हे मला कळतं. पण वही तीच आहे.

तर पोट्ट्याने काय करावं? मित्रांनी सांगितलं होतं, बिनधास्त 'नाही' लिही. "तेले कोण बघते काकाजी, दोनशे रुपयांची केस." बघतात. चारित्र्य पडताळणीला कागद ठाण्यातच जातो. आणि इथं मात्र सर्वोच्च न्यायालयाने केलेली एक गोष्ट उपयोगाची आहे. २०११ साली दिल्ली पोलिसांतल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, संदीप कुमार त्याचं नाव, कोर्ट म्हणालं होतं की विशीतल्या पोरांच्या हातून असं काहीबाही होतं, त्यावरून त्यांना आयुष्यभरासाठी गुन्हेगार ठरवू नये. त्याने तर केस दडवली होती तरी. मग २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी नीट नियमच घालून दिले. माहिती खरी द्या. प्रकरण क्षुल्लक असेल, तरुणपणी घोषणा देण्यासारखं किंवा तसंच किरकोळ, तर दडवलेलं असलं तरी नोकरी देणारा आपल्या अधिकारात ते माफ करू शकतो. पण खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच पाहिजे असंही नाही. पूर्वचारित्र्य बघायचा त्याचा हक्क राहतो. म्हणजे खरं लिहिण्याची हमी काही नाही. खोटं लिहिण्याची मात्र जवळजवळ आहे.

'होय' लिहायचं ठरलं. मग पुरवणी जोडायची होती, आणि तिच्यावरून आमचं वाजलं. त्याने आपल्या हाताने लिहून आणलं होतं, की मी खेळत नव्हतो, नुसता बघत होतो, पोलिसांनी मलाही धरलं, इतरांनी सांगितलं म्हणून कबूल केलं. मी म्हटलं हे चालणार नाही. कोर्टात कबूल केलंस, आता फॉर्मवर नाकबूल करतोस, म्हणजे एकीकडे तरी खोटं बोललास असा अर्थ निघतो. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण मी खरंच बघत होतो. माह्याजवळ पैसेच नव्हते नं त्या दिवशी." तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, हा खरं बोलत असावा. पण फॉर्मला हवं ते खरं वेगळं. त्या दिवशी चटईवर काय झालं ते नाही, कोर्टाच्या कागदावर काय झालं ते. प्रामाणिक राहायचं तर त्याला स्वतःच्या आठवणीविरुद्ध लिहायला लागणार होतं, आणि ते मी त्याला लिहायला लावलं. सल्ला बरोबर होता. पटला मात्र मलाही नाही.

शेवटी झालं ते असं:

'मी एकोणीस वर्षांचा असताना पोळ्याच्या पाडव्याला माझ्यावर महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) अन्वये गुन्हा दाखल झाला. मी न्यायालयात गुन्हा कबूल केला. मला न्यायालय उठेपर्यंत साधी कैद व रु. २०० दंड अशी शिक्षा झाली. दंड त्याच दिवशी भरला आहे. त्यानंतर माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल नाही. सोबत : निकालाची प्रमाणित प्रत.'

प्रमाणित प्रत मिळवायला नक्कल विभागात त्याच्या चपला झिजल्या, कारण केस नंबर त्याच्याकडे नव्हता आणि तो ज्याच्याकडे होता तो पेंटर आता पुण्याला. दंडाची पावती कोणाकडेच नव्हती. सातही जणांनी ती त्याच रात्री सावजीत टेबलावर ठेवली होती म्हणे.

फाइल वर गेली आहे, एवढंच त्याला सांगतात. तोवर तो घरपोच सामान पोचवायचं काम करतो. तिथंही पार्श्वभूमी विचारली, त्याने मोबाइलमधून हाच मजकूर काढून दिला. त्यांनी घेतलं. आता त्याला तो पाठ झालाय. मध्यंतरी काटोलकडचं एक स्थळ आलं, मुलीच्या वडिलांच्या कानावर कोणीतरी पोलिस केसचं घातलं. याने फोनवर समजावत बसण्यापेक्षा त्यांना सरळ तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवून दिला. खालचं 'सोबत : निकालाची प्रमाणित प्रत' काढायचं राहून गेलं. त्यांनी प्रत मागितली नाही. पोरगा दारू पितो का, एवढंच विचारलं.